रबरी ओठ

अनोळखी माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो, पायांकडे पाहत नाही. ही रीत इतकी जुनी आणि इतकी सर्वमान्य आहे की तिच्याविरुद्ध तक्रार करणाराच विक्षिप्त ठरावा. मोटारींच्या बाबतीतही लोक तीच रीत पाळतात, आणि तिच्यापायी माझ्या मोटारीला काय काय सोसावे लागले ते मी जवळून पाहिले आहे. पेट्रोल भरायला थांबलो की कोणी तरी मध्यमवयीन गृहस्थ हसतमुखाने पुढे येतो. लांबट बॉनेटवरून, तारांच्या चाकांवरून त्याची कौतुकाची नजर फिरते. मग ती गाडीच्या नाकाशी येऊन थांबते आणि चेहऱ्यावरचे हसू किंचित मावळते. "अरेरे, रबरी बंपरवाली वाटते ही!" असे तो म्हणतो. म्हणण्याचा सूर असा, की मुलगी गुणी आहे, शिकलेली आहे, घराणेही नावाजलेले आहे, पण... त्या 'पण'नंतरची शांतता मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती सुरू होण्याआधीच मी पेट्रोलचे पैसे द्यायला आत जातो.

ही मोटार म्हणजे १९७६ सालची, दोन माणसांची, उघड्या टपाची एमजीबी. मी इंग्लंडात ऑक्सफर्डच्या दक्षिणेस एका खेड्यात राहतो. तेथून जवळच टेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचे जुने गाव आहे. त्या गावच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी तयार होत होती, आणि तिच्या साऱ्या भावंडांसह पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. म्हणजे माझी गाडी माहेरापासून फार दूर गेलेली नाही. नोकरीतून मोकळा झाल्यावर माणसे तीर्थयात्रेला जातात किंवा बागेत वांगी लावतात. मी ही गाडी घेतली. "वांगी खाता तरी आली असती," एवढाच अभिप्राय पत्नीने त्या वेळी दिला.

त्या काळ्या रबरी बंपराचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे, नाही तर पुढची हकीकत नीट उमगायची नाही. आरंभी या गाडीला पुढे आणि मागे क्रोमचे सडपातळ बंपर होते, आणि दोन दिव्यांच्या मध्ये उभ्या सळ्यांची चकचकीत जाळी होती. तिला पाहून चंद्रकोर ल्यालेल्या कपाळाची आठवण व्हावी, असे ते मुख होते. पण गाडीची खरी बाजारपेठ अमेरिका. तेथील सरकारने १९७३ च्या मॉडेलांपासून नियम लागू केला की, ताशी पाच मैलांच्या वेगाने गाडी पुढून आदळली तरी तिचे दिवे आणि सुरक्षिततेचे इतर अवयव शाबूत राहिले पाहिजेत. पुढच्याच वर्षी बंपर जमिनीपासून किती उंचीवर आघात झेलील याचेही माप ठरले. ॲबिंग्डनकरांनी आधी क्रोमच्या बंपरांवरच दोन भलेमोठे रबरी उंचवटे बसवून वेळ निभावली. त्या उंचवट्यांना एका नटीवरून 'सॅब्रिना' असे नाव पडले होते. ते का पडले हे सांगण्याची ही जागा नव्हे. पुढे सप्टेंबर १९७४ पासून क्रोमला कायमची रजा मिळाली. पोलादाच्या सांगाड्यावर काळ्या पॉलियुरेथेनचे जाड आवरण चढवलेले अखंड बंपर आले. त्याला सारे जग रबरच म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणतो. गाडीच्या नाकाला आणि पाठीला असे जाड काळे ओठ फुटले. शिवाय बंपर ठरलेल्या उंचीवर यावेत म्हणून साऱ्या गाडीलाच एक-दीड इंच वर उचलण्यात आले. नवीन गाडी आखण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा जुनीच गाडी टाचा उंचावून उभी राहिली. अमेरिकेसाठी एक आणि उरलेल्या जगासाठी दुसरी असे दोन प्रकार काढणेही परवडण्याजोगे नव्हते. त्यामुळे जो नियम इंग्लंडात नव्हताच, त्याची शिक्षा इंग्लंडातल्या गाड्यांनाही झाली.

आता गंमत पाहा. गाडीला ओठ फुटले हे सर्वांना दिसले, त्यावर विनोद झाले, अजूनही होतात. टाचा उंचावल्या हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात आले, कारण ते दिसत नाही, जाणवते. वळणावर ही गाडी कुशीवर कलते. तेवढ्यावर भागत नाही. कलता कलता मागची बाजू आपल्याच विचाराने बाहेरच्या अंगाला सरकू लागते, आणि चालवणाराच्या पोटात गोळा येतो. त्यातच, गाडीचे कलणे आवरणारी पुढची आडवी कांब, जिला अँटी-रोल बार म्हणतात, तीही काटकसरीसाठी नेमकी त्या दोन वर्षांत उघड्या गाड्यांवरून काढून टाकलेली होती. ती परत आली १९७७ च्या मॉडेलांबरोबर. माझी गाडी नेमकी त्या मधल्या दुष्काळातली.

परंतु मीही चारचौघांसारखाच. मला आधी टोचले ते तोंड. गाडी घेऊन सहा महिने झाले नाहीत तोच मी क्रोमच्या बंपरांचा नवा संच मागवला. खोकी आली, बैठकीच्या खोलीत उघडली, आणि त्या लखलखत्या कमानींत आम्हां दोघांची तोंडे लांबट होऊन दिसू लागली. पत्नीलादेखील त्या आवडल्या. "यांना भिंतीवरच लावू या," असे ती म्हणाली, आणि ते सर्वस्वी थट्टेने म्हणाली असे मला वाटत नाही.

क्रोमचे बंपर बसवणे म्हणजे चार बोल्ट काढून चार बोल्ट लावणे, अशी माझी समजूत होती. पुस्तक काढून वाचू लागलो तेव्हा कळले की हे काम न्हाव्याचे नव्हे, शल्यवैद्याचे आहे. रबरी बंपराच्या आधारासाठी सांगाड्याच्या टोकांना पोलादी पेट्या जोडलेल्या असतात. त्या कापून काढाव्या लागतात. पुढचे इशाऱ्याचे दिवे रबरी बंपरातच बसवलेले असल्यामुळे बंपर गेला की दिवेही बेघर होतात. त्यांच्यासाठी पुढचे पंखे बदलावे लागतात किंवा त्यांना नवे तुकडे जोडावे लागतात. खालचा पत्रा नवा, जाळी नवी. मागच्या कोपऱ्यांचे पत्रेसुद्धा अर्धवट कापलेले निघतात, कारण तो भाग ओठांखाली झाकलेला असे आणि झाकलेल्या जागी पत्रा कशाला घालायचा, हा कारखान्याचा सरळ हिशेब. थोडक्यात, जुने मुख 'परत' आणायचे म्हणजे या गाडीला जे कधी नव्हतेच ते कापून-जोडून घडवायचे. वेल्डिंग करणाऱ्या एका कारागिराशी मी दिवस ठरवला, आणि ही शुभवार्ता कुंपणापलीकडे माझ्या शेजाऱ्यांना सांगितली.

शेजारी सत्तरी ओलांडलेले, मितभाषी गृहस्थ. त्यांच्या वाटाण्याच्या वेलांविषयी आणि हवेविषयी आमचे चार वर्षे बोलणे होत होते. पण ते पूर्वी काय करत, हे मी कधी विचारले नव्हते. इंग्लंडात असे विचारत नाहीत, आणि परदेशी माणूस तेथील रीतिरिवाज तेथल्यांपेक्षा अधिक कडकपणे पाळतो. माझे बोलणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "छान दिसेल," ते म्हणाले. मग हातातली कात्री पुसत, अगदी सहज सांगावे तसे म्हणाले, "ते काळे बंपर कदाचित मीच बसवलेले असतील."

ते सोळाव्या वर्षी ॲबिंग्डनच्या कारखान्यात लागले होते. १९७४ च्या त्या शरदात ते जुळणीच्या रांगेवर होते. नवे बंपर पहिल्या दिवशी आले तेव्हा सारी रांग हसली, असे त्यांनी सांगितले. इतके जड, की एकट्याने धरून बोल्ट लावणे कठीण. एकाने पोटाशी धरायचे आणि दुसऱ्याने खाली शिरायचे. दुपारी मुकादम आला आणि म्हणाला, "हसून घ्या. पण हे नसेल तर अमेरिका नाही, आणि अमेरिका नाही तर आपण नाही." त्यानंतर कोणी फारसे हसले नाही. "कुरूप आहेत हे आम्हांला ठाऊक होते हो," शेजारी म्हणाले. "पण त्या वर्षी माझे लग्न ठरले होते."

त्या ओठांवर कारखाना आणखी सहा वर्षे जगला. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने एमजीच्या ॲबिंग्डनमधील पन्नास वर्षांचा उत्सव केला. तो संपतो न संपतो तोच सोमवारी, १० तारखेला, ब्रिटिश लेलँडने तेथील उत्पादन थांबवण्याचा बेत जाहीर केला. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. ज्या नियमासाठी एवढे रामायण घडले तो अमेरिकेने १९८२ मध्ये शिथिल करून पाच मैलांचे अडीच मैल केले. शेजाऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "हो, वाचले होते मी." आणि वाटाण्याकडे वळले.

मी घरात आलो. कारागिराला दूरध्वनी करून, आणखी एक महिना थांबा, असे कळवले. का कळवले, याचे कारण मला स्वतःलाही नीट देता आले नसते. शेजाऱ्यांनी मनाई केली नव्हती. उलट 'छान दिसेल' असे म्हटले होते, आणि ते खोटे बोलणारे नव्हेत. तोपर्यंत पायांचे काम तरी उरकून घेऊ, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पायांचे काम म्हणजे सस्पेन्शनचे. येथे मला माझ्या लहानपणीच्या मिरजेच्या टांग्याचे स्मरण होते. स्टेशनापासून घरापर्यंत खड्ड्यांतून आम्हांला सुखरूप नेणारी वस्तू म्हणजे टांग्याखालची पोलादी पाट्यांची कमान. आश्चर्य असे की, या ऐटबाज इंग्रजी गाडीच्या मागच्या आसाखालीही तीच कमान आहे. एकावर एक रचलेले, मधोमध जाड आणि टोकांकडे निमुळते होत गेलेले पाटे. पुढचे टोक सांगाड्याला खिळलेले, मागचे एका झुलत्या कडीत. गाडी उंच करायची म्हणून या कमानी अधिक वाकड्या केल्या गेल्या, आणि खोड तेथेच शिरली. वळणावर गाडी कलली की बाहेरच्या बाजूची कमान दबून सपाट होते. सपाट झाली की तिची लांबी वाढते आणि आसाचे ते टोक किंचित मागे ढकलले जाते. आतली कमान त्याच वेळी अधिक वाकते आणि आपले टोक पुढे ओढते. म्हणजे साराच्या सारा आस तिरपा होतो, आणि मागची चाके कोणी न सांगता सुकाणू धरू लागतात. कमान जितकी वाकडी तितका हा आगाऊपणा अधिक. माझ्या पोटात गोळा का येत होता, याचे उत्तर हे असे भूमितीचे निघाले. भूमितीने माझ्या पोटात गोळा आणण्याची ती पहिली वेळ नव्हती, हे माझ्या मिरजेच्या शाळासोबत्यांना सांगायला नको.

मी कमी वाकाचे नवे पाटे आणले. पुढच्या चाकांसाठी आखूड स्प्रिंगा आणि सांध्यांसाठी नवे बुश घेतले. अँटी-रोल बारही मिळवला. पुढची रचना मोठी चमत्कारिक आहे. हादरे शोषणारा जो शॉक ॲब्सॉर्बर, त्याचा दांडा हाच चाकाचा वरचा हात असतो. एका नोकराकडे दोन कामे सोपवण्याची ही जुनी इंग्रजी काटकसर. त्यांतला एक तेल गाळत होता. पुष्कळ लोक अशा वेळी ही सारी जुनी मांडणी काढून आधुनिक नळीसारखे शॉक ॲब्सॉर्बर बसवतात. शेजाऱ्यांचे मत पडले, "चांगला दुरुस्त केलेला जुनाच लावा. त्याची बदनामी झाली ती लोकांनी त्यात तेल न घातल्यामुळे." त्यांचे मत मी मानले आणि मला पश्चात्ताप झाला नाही.

पुढची स्प्रिंग काढणे ही मात्र थट्टा नव्हे. ती गाडीच्या वजनाखाली आवळून बसलेली असते. तिच्याखालच्या तबकडीला जॅकचा भक्कम आधार देऊन, बोल्ट काढून, जॅक दोरा-दोराने खाली आणावा लागतो. हात निसटला तर ती स्प्रिंग तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. ते काम आम्ही दोघांनी मिळून केले. ती पंधरा मिनिटे आम्ही दोघेही बोललो नाही. स्प्रिंग शेवटी सैल होऊन जमिनीवर कलंडली तेव्हा शेजाऱ्यांनी तिला पायाने हळूच ढकलून पाहिले, साप मेला की नाही ते पाहावे तसे.

मागचे काम सोपे म्हणून मी ते रात्री एकट्यानेच उरकले. पन्नास वर्षांचा गंज फोडायला दोन संध्याकाळी गेल्या, पण नवे पाटे चढले, सारे बोल्ट मी जिवाच्या आकांताने आवळले, आणि सकाळी गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरवली. पाहतो तो मागची बाजू जशीच्या तशी उंच! ज्या इंचासाठी एवढा खटाटोप, तो इंच खाली यायला तयार नव्हता. मी गाडीच्या पाठीवर बसलो, उड्या मारल्या, शेजारच्या मुलालाही बसवले. शेवटी कुंपणापलीकडून आवाज आला, "बोल्ट केव्हा आवळलेत? चाके लोंबत असताना?"

चूक लाजिरवाणी होती. पाट्यांच्या टोकांशी रबराचे बुश असतात. चाके हवेत लोंबत असताना ते आवळले तर त्याच अवस्थेत पकडले जातात. मग गाडी खाली आणली की रबराला पीळ बसतो, आणि ते गाडीला वर ढकलत राहते. त्याने स्वतःही लवकर फाटते. शेजारी कुंपणाचे फाटक उघडून आले, पाना घेऊन सारे बोल्ट सैल केले, आणि गाडीला मागून दोन-चारदा दाबून हलवले. एक बारीकसा कण्हल्याचा आवाज झाला आणि गाडी खाली बसली. "आता आवळा," ते म्हणाले. "आधी तिला स्वतःच्या पायांवर उभे राहू द्यावे लागते."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे ॲबिंग्डनच्या रस्त्याला निघालो. ते माझ्या डावीकडे बसले होते. ज्या वळणावर मी नेहमी पाय आवरता घेई, तेथे या वेळी आवरला नाही. गाडी थोडी कलली, थांबली, आणि रुळावरून जावे तशी वळून बाहेर पडली. मागची चाके मागच्या चाकांप्रमाणे मागून आली. मी शेजाऱ्यांकडे पाहिले. त्यांनी दाराची कड धरलेली नव्हती. मार्चम रोडवर जेथे कारखाना होता तेथे आता निरनिराळ्या धंद्यांच्या इमारती आहेत. एमजी क्लबची कचेरी तेवढी जवळच्या एका जुन्या घरात आहे. आम्ही तेथून गेलो तेव्हा त्यांनी काही दाखवले नाही, आणि मीही विचारले नाही.

खरे आश्चर्य दुसऱ्या दिवशी सकाळी घडले. मी दूध आणायला बाहेर पडलो आणि रस्त्यावरून सहज मागे वळून पाहिले. दारात उभी असलेली गाडी मला कुरूप दिसली नाही. मी थांबलो. पुन्हा पाहिले. तोच काळा बंपर, तोच जाड ओठ. पण चाके आता कमानींत नीट बसली होती, पोट जमिनीच्या जवळ आले होते, आणि त्या आडव्या, बुटक्या अंगाला तो काळा पट्टा शोभेसा नव्हे तरी साजेसा वाटत होता. इतके दिवस जो दोष मी ओठांचा समजत होतो त्यातला निम्मा तरी टाचांचा होता. ज्या माणसाला आपण मख्ख चेहऱ्याचा म्हणून हिणवतो त्याचा जोडाच चावत असावा, तसे काहीसे.

निम्माच म्हणतो, कारण प्रामाणिकपणा सोडून चालणार नाही. क्रोमची गाडी अधिक सुंदर आहे. ज्यांनी ती आखली त्यांच्या मनातले मुख तेच होते, आणि ज्यांनी आपल्या गाड्यांना ते पुन्हा चढवले त्यांना मी नावे ठेवणार नाही. शिवाय मूळ स्वरूपाचा अभिमानी म्हणून मिरवण्याचा अधिकारही मला उरला नव्हता. विम्याच्या फॉर्मवर प्रश्न असतो, 'मूळ गाडीत काही बदल केले आहेत काय?' त्यापुढे मला 'होय' असे लिहून स्प्रिंगा, पाटे आणि बार यांची यादी द्यावी लागली. कारखान्याने दिलेली उंची मी मानली नव्हती. मग कारखान्याने दिलेले तोंड तेवढे पवित्र कसे? हा प्रश्न मी शेजाऱ्यांपुढे मांडला. त्यांनी बराच वेळ विचार केला. "उंची आम्हांला दिसत नसे," ते म्हणाले. "गाडी पुढे जाई. बंपर मात्र हातात येई." हे उत्तर तर्काला धरून आहे की नाही याचा मी अजून निकाल लावलेला नाही. पण माझ्या गाडीच्या क्रमांकाच्या शेवटी 'पी' हे अक्षर आहे. ज्याला येथील अक्षरे वाचता येतात त्याला ती १९७५ चा ऑगस्ट ते १९७६ चा जुलै या काळातली आहे, हे चटकन कळते. क्रोमचे तोंड लावून मी तिला तीन वर्षांनी थोरली केली असती, आणि तिने मात्र पाठीवर आपले खरे वय लिहून गावभर हिंडायचे!

तरीही प्रश्न सुटला नव्हता, कारण पुढच्या बंपराचे रबर पांढुरके पडले होते, आणि वाकून पाहिले तेव्हा आतला पोलादी सांगाडा गंजून पोकळ झालेला आढळला. बंपर बदलणे आता भागच होते. प्रश्न एवढाच की कशाने. अशा वेळी विल्टशायरमधल्या एका गृहस्थाची जाहिरात नजरेस पडली. त्याची गाडी अखेरच्या काळातली, आणि तो तिला क्रोमचे तोंड चढवत होता. काढून टाकलेले रबरी बंपर धडधाकट होते. 'कोणी घेऊन जाईल तर फुकट,' असे त्याने लिहिले होते. जगात सौंदर्याला भाव असतो आणि कुरूपतेला गाडीभाडेही मिळत नाही, याचा हा ढळढळीत पुरावा. मी त्याला दूरध्वनी केला. क्रोमचा कोरा संच आहे, हवा असल्यास निम्म्या किमतीत आणि वर तुमचे रबर, असा सौदा ठरला.

शनिवारी मी गेलो. त्याच्या अंगणात आम्ही आपापली खोकी उघडली. त्याने क्रोमच्या कमानीवरून बोट फिरवले; मी काळ्या रबरावर अंगठा दाबून पाहिला. दोघांनीही एकमेकांकडे पाहून सभ्यपणे स्मित केले. हा मनुष्य मूर्ख आहे, असे त्या क्षणी दोघांच्याही मनात आले असावे, आणि सौदा सुखाने पार पडायला आणखी काय लागते? घरी आल्यावर पत्नीने विचारले, "भिंतीवर लावायचे ते दिलेत?" दिले, असे मी म्हणालो. तिने त्या काळ्या धुडाकडे पाहिले आणि हे घरात येणार नाही एवढे नक्की करून घेतले.

रविवारी शेजारी आले. त्यांना बोलावले नव्हते. पण ते जुना निळा अंगरखा घालून आले होते, तेव्हा बोलावण्याचा प्रश्न उरला नव्हता. बंपर मी पोटाशी धरला. खरोखरच जड होता. ते पाठीवर आडवे होऊन खाली सरकले. मला त्यांचे बूट तेवढे दिसत होते. बोल्ट कोठे आहेत ते पाहण्यासाठी मी दिवा खाली धरला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला. त्यांचा हात पोलादामागच्या अरुंद जागेत शिरला आणि न अडखळता पहिल्या बोल्टावर गेला, मग दुसऱ्यावर. "नऊ-सोळांश," असे म्हणून त्यांनी तळहात बाहेर काढला. मी एका हाताने बंपर सावरून दुसऱ्याने पाना त्यावर ठेवला. चाळीसहून अधिक वर्षांनी ते त्या जागी हात घालत होते.

सारे झाल्यावर ते बाहेर आले, दहा पावले मागे गेले, गुडघ्यांवर बसून एक डोळा मिटला आणि बंपराच्या रेषेकडे कितीतरी वेळ पाहत राहिले.

"डावीकडे किंचित वर आहे," ते म्हणाले.

मला काही तसे दिसत नव्हते. किती वर, असे मी विचारले. त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एका जवाएवढे अंतर करून दाखवले.

"तेव्हाही असेच राहत असे," ते पुन्हा खाली शिरत म्हणाले. "पण तेव्हा सैल करून पुन्हा लावायला वेळ नसे. जरा धरा पाहू."